बदलीचा रकाना

सोमवार, ३ फेब्रुवारी

चौदा महिन्यांनी आज पुन्हा डबा घेऊन घराबाहेर पडलो. लेकीने दारातून असा हात हलवला, की जणू मीच पहिलीत चाललोय. ठमी हे तिचं घरातलं नाव. वय एकवीस, तोंड मात्र पन्नाशीच्या बाईचं. छापखाना बंद पडल्यापासून मी घरी बसलो आणि ती शिक्षण सोडून कुठेतरी नोकरीला चिकटायच्या गोष्टी करायला लागली. रोज सकाळी तेच भांडण. आज ते मिटलं. आता जूनमध्ये ती आत्याकडे राहून पुढचं शिकेल आणि मी इथे राबेन. तिची आई गेल्यापासून माझं एवढंच मागणं उरलंय. ते पुरं व्हायची चिन्हं दिसताहेत, म्हणून ही नवी वही सुरू केली.

जागा म्हणजे एक मोठं शीतगृह. लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना चार-चार चेंबर, प्रत्येकाला जाडजूड दार. आत उणे अठरा. वाटाणा, मासे, आइस्क्रीम आणि एका चेंबरमध्ये औषधं. माझं काम पाळ्या लावण्याचं. आत कुणीही चाळीस मिनिटांच्या वर थांबायचं नाही. वेळ भरली की दुसरा माणूस आत जातो आणि पहिला बाहेर येऊन चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसतो. त्या दुसऱ्या माणसाला इथे ‘बदली’ म्हणतात. भिंतीवर लाल अक्षरांत पाटी आहे : बदली आल्याशिवाय बाहेर पडू नये. मध्येच निघून गेलं तर कुठला खोका हलवला नि कुठला नाही, ते कुणालाच कळत नाही. नियम मला पटला.

साहेब फार गोड बोलतात. चेंबरच्या चाव्या सांभाळणारे एक काका आहेत, ते अजिबात बोलत नाहीत. माझ्या खुर्चीवर आधी एक बाई होत्या, अकरा वर्षं. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. त्या कुठे गेल्या म्हणून विचारलं, तर बदली झाली त्यांची, असं दोघा-तिघांनी सांगितलं. कुठे झाली विचारल्यावर काका थर्मासचं झाकण घट्ट करत बसले. दुसरी शाखा असेल कुठेतरी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मोठ्या बाईंच्या शिस्तीला सलाम. प्रत्येक चेंबरची एक अशा आठ फायली, रकाने सरळ, अक्षर एकाच मापाचं, एकही घर रिकामं नाही. पण सगळ्यांना पासवर्ड! एक आकडा बदलायला जावं तर ‘हे घर सुरक्षित आहे’ अशी पाटी फटकन पडद्यावर येते. ही बाई घरी साखरेच्या डब्यालाही कुलूप लावत असणार.

साहेबांनी बाईंच्या हातची यादी दिली. आठही पासवर्ड बिनबोभाट लागले. मग कळलं की नववी फाईलही आहे. नाव नुसतंच ‘नऊ’. यादीत तिचा पासवर्ड नाही आणि इमारतीत नववं चेंबर नाही. पॅसेज जिथे संपतो तिथे कोरी भिंत आहे, मी मुद्दाम जाऊन पाहिलं. साहेबांना विचारलं तर म्हणाले, ती तेवढी उघडून दिलीत तर फार उपकार होतील, ऑक्टोबरपासून तिथली पाळी अडून राहिलीय. तिथली म्हणजे कुठली, हे विचारायच्या आत त्यांना फोन आला.

घरी ठमीला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला गाठ दिसली की सोडवल्याशिवाय जेवण जात नाही. खरं आहे. छापखान्यात मला गाठसोडे म्हणायचे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

त्रेचाळीस पासवर्ड घालून झाले. बाईंचं नाव, आडनाव, उलटं नाव, शीतगृहाचा फोन नंबर. फाईल ढिम्म हलत नाही.

शेवटी रजिस्टरातून बाईंच्या घरचा नंबर काढला. फोन त्यांच्या बहिणीने उचलला. मी शीतगृहातून बोलतोय म्हटल्यावर तिला एकदम हुरूप आला. ऑफिसने बदली झाल्याचं कळवलंय, म्हणाली, पण गाव कोणतं ते चार महिन्यांत कुणी सांगेना, तुम्ही तरी सांगता का? मी तिला विचारायला फोन केला होता नि तीच मला विचारत होती. चौकशी करतो म्हणून ठेवून दिला. मनाला चुटपुट लागून राहिली.

दुपारी काका आपणहून टेबलाशी आले. आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला. नववी फाईल राहू द्या ना बंद, म्हणाले, चार महिने कसे सुखात गेलेत. इतकंच बोलून चाव्या वाजवत गेले. म्हातारपणी माणसं अशी चमत्कारिक होतात.

शनिवार, ८ फेब्रुवारी

उघडली!

बुद्धीने नाही, बिस्किटाच्या चुऱ्याने. कळफलकात चुरा अडकला म्हणून तो उलटा करून झटकला, तर खाली चिकटवलेली चिठ्ठी. पेन्सिलीने तीनच इंग्रजी अक्षरं, व्ही, के, ई, तीन वेळा लागोपाठ. तशीच्या तशी घातली आणि फाईल उघडली. मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली.

आत चारच रकाने. नाव, आत, बाहेर, बदली. पहिली ओळ माझ्या जन्माच्याही आधीची, कुणीतरी जुन्या रजिस्टरातून उतरवलेली असणार. एकाची बाहेर यायची वेळ तीच दुसऱ्याची आत जायची वेळ, मिनिटाचाही फरक नाही. फक्त मुक्काम चाळीस मिनिटांचा नाही. कुणी पाच महिने, कुणी दोन वर्षं. तारखा चुकल्या असतील. शेवटची ओळ मोठ्या बाईंची. आत, ७ ऑक्टोबर, अकरा चाळीस. बाहेर, कोरं. बदली, कोरं.

फाईल बंद करायला गेलो तर चौकट आली : बदली भरा. रद्द केली, पुन्हा आली. चार वेळा तेच. आता मला रिकामं घर बघवत नाही, हा माझा जुना रोग. आणि इथली पद्धत अशी, की बदली ठरलेली नसेल तर पाळ्या लावणाऱ्याने तात्पुरतं स्वतःचं नाव टाकायचं, मागाहून खोडायचं. बाकीच्या आठ फायलींत मी आठवडाभर तेच करतोय. इथेही टाकलं. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. फाईल निमूट बंद झाली.

साहेबांना सांगितलं तर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. मग घरी कोण कोण असतं, मुलगी काय करते, असं विचारलं. कर्मचाऱ्यांच्या मुलांना आम्ही आधी घेतो, घेऊन या तिला, म्हणाले. मी हसून म्हटलं, ती शिकणार आहे. साहेबही हसले.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी पाळ्यांची सूचना टाईप करत होतो. ‘दार उघडे ठेवू नका.’ शेवटच्या शब्दाला बोटं थांबली.

मराठी कळफलकावर न असतो व्हीच्या बटणावर. क असतो केच्या. आणि काना ईच्या.

व्ही, के, ई. नका.

पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, भाषा कुठली चालू आहे ते कळत नाही. मराठी टाईप करणाऱ्याची ही नेहमीची चूक, मीही शंभरदा केलीय. बाईंनी मराठीच शब्द टाईप केला, कळफलक इंग्रजीवर राहिला होता. मागाहून कळलं असेल, तेव्हा कुठली बटणं दाबली गेली ते चिठ्ठीवर टिपून ठेवलं. तीस वर्षं मी या अक्षरांवर पोट भरलं आणि तो शब्द मला दिसला नाही. नका, नका, नका.

फाईल पुन्हा उघडली. बाईंच्या ओळीत बाहेरचं घर भरलेलं होतं. १७ फेब्रुवारी, अकरा चाळीस. खाली नवी ओळ. नाव माझं. आत, १७ फेब्रुवारी, अकरा चाळीस.

हे मी लिहिलेलं नाही. शनिवारनंतर ऑफिस बंद होतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

काल दिवसभर खोडत होतो. नाव पुसलं, चहा घेऊन आलो, नाव जागेवर. साहेबांचं नाव घालून पाहिलं, अक्षरं एकेक करून विरली आणि माझी उमटली. फाईलच काढून टाकली. आज सकाळी तिथेच होती.

काकांना गाठलं. त्यांनी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. त्या दिवशी, त्या वेळेला पॅसेजच्या टोकाला दार असतं. त्यांनी दोनदा पाहिलंय. आत काय आहे ते माहीत नाही, पण आत एक माणूस लागतो. कायम. मोठ्या बाईंचं नाव आलं तेव्हा त्यांनी दोन दिवस आधी फाईलला कुलूप घातलं, आपल्यामागे कुणाचं नाव जाऊ नये म्हणून. आणि दोन स्वेटर चढवून आपल्या पायांनी आत गेल्या.

आधीच का नाही सांगितलंत, म्हणून मी त्यांच्या अंगावर ओरडलो. ते म्हणाले, सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असता का?

नसता ठेवला. हसलो असतो, घरी जाऊन ठमीला किस्सा सांगितला असता.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ठरवलं. सोमवारी यायचंच नाही. दार आहे तर असू दे, ते काही घरी येऊन मला ओढून नेणार नाही. मन हलकं झालं.

मग जुन्या ओळी वरपासून वाचल्या. एका नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलंय. त्याच्याच खालच्या ओळीत तीच तारीख, तीच वेळ, दुसरं नाव. आडनाव तेच. आणि मधलं नाव, वडिलांचं, ते वरच्या माणसाचं.

असे तिघे आहेत. तिन्ही ठिकाणी खाली मूल.

माझ्या ओळीतलं बदलीचं घर परवा कोरं होतं. आज त्यात फिकी राखाडी अक्षरं आहेत. आपण लिहायच्या आधीच यंत्र शब्द सुचवतं ना, तशी. एंटर दाबलं की पक्कं होतं. ठमीचं पाळण्यातलं नाव. मध्ये माझं नाव.

हात मांडीखाली घेऊन बसलो. बटणाला चुकूनही धक्का लागू नये.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

घरी गेलो तर ठमी खुशीत. साहेबांचा फोन आला होता. सोमवारपासून या, वडिलांच्या शेजारचंच टेबल आहे, म्हणाले. तिने हो म्हणून टाकलं. तेवढाच तुम्हाला हातभार, म्हणाली.

मी ओरडलो. आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो तिच्यावर. ताट सरकवून ती आत गेली. दाराबाहेर कितीतरी वेळ उभा होतो. काय सांगू तिला? कुठल्या शब्दांत सांगू?

शनिवार, १५ फेब्रुवारी

फाईल एकच गोष्ट ऐकते. नवा पासवर्ड.

खोडू देत नाही, बदलू देत नाही, पण कुलूप घालू देते. बाईंनी केलं तेच. जुना पासवर्ड साहेबांनी माझ्याकडून केव्हाच लिहून घेतला होता, म्हणून नवा हवा. साहेब माझ्या मागे दारात उभे. काय चाललंय, म्हणाले, तसेच गोड. पाळ्या लावतोय, म्हटलं. घातला, पुन्हा एकदा घातला, एंटर. फाईल बंद.

आता ती राखाडी अक्षरं कुणालाच पक्की करता येणार नाहीत. चिठ्ठी केली नाही. इथेही लिहिणार नाही.

मला जावं लागेल. नाही गेलो तर —

पण ती सुटली. जीव भांड्यात पडला.

रविवार, १६ फेब्रुवारी

ठमीला आत्याकडच्या बसमध्ये बसवलं. माझी बदली झालीय, मला न्यायला गाडी येणार आहे, शीतगृहात पाऊल टाकायचं नाही, असं सांगितलं. तिने विचारलं, कुठे बदली?

नाव सुचेना. लांब, म्हटलं.

ती अजून रुसलेली होती, तरी खिडकीतून हात बाहेर काढला. तो धरून बसबरोबर थोडा चाललो. मग धरता येईना.

सोमवार, १७ फेब्रुवारी

अकरा वीस. दोन स्वेटर. खिशात वही आणि पेन्सिल. थंडीत पेनची शाई गोठते, म्हणून पेन्सिल.

अकरा अडतीस. काका भेटायला आले नाहीत. पॅसेज रिकामा. टोकाला भिंत नाही.

दार आहे.

आत

मोठ्या बाई उंबऱ्यावर भेटल्या. केसांवर बर्फ. पायांत काही नाही. थांबून एकच विचारलं. कुलूप लावलंत ना? मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या.

दार लागलं. आतून मूठ नाही.

नंतर

एक दिवा. रिकामी खोली. कुणी नाही. पण मी श्वास धरला तरी श्वासाचा आवाज चालू राहतो. मागून. वळलो की पुन्हा मागून.

बघायचं नाही. लिहीत राहायचं. ती आत्याकडे आहे. ती —

किती वाजले कळत नाही

भिंतीपलीकडून आवाज येतात. खुर्ची सरकते तो. माझीच खुर्ची. ही माझ्या टेबलामागची भिंत.

साहेब बोलताहेत. गोड. आणि —

ठमी.

परत आली. बाबा गावाचं नाव सांगेनात, तेव्हाच खोटं बोलताहेत हे कळलं, असं सांगतेय साहेबांना. पहिल्याच थांब्यावर उतरली, रात्र मैत्रिणीकडे काढली. माझे बाबा कुठे आहेत, विचारतेय. रडतेय. साहेब म्हणतात, सगळं या फाईलमध्ये आहे, बाळ, पण तुझ्या वडिलांनी कुलूप लावलंय. उघडलीस की कळेल.

भिंतीवर हात आपटले. ओरडलो. तिकडे काही जात नाही.

ती म्हणाली, बाबांचा पासवर्ड ना? एकच आहे त्यांचा.

शनिवारी काय घातलं मी? मागे साहेब होते — घाईत — बोटांनीच — घरी सगळ्याला जो आहे तोच. फोनला, बँकेला, विजेच्या बिलाला. तिची जन्मतारीख. आठ आकडे. ती हसायची मला, बाबा, चोरसुद्धा आधी हाच घालून बघेल.

ठमे —

बटणांचा आवाज येतोय. एक. दोन.

मागचा श्वास थांबलाय. तोही ऐकतोय.

तीन. चार. पाच.

सहा. सा